राखाडी चोडण

माझ्या फोनवर सगळं होतं:
रायबंदरचा धक्का, फेरीबोटीची तुटक रेघ,
पलीकडे हिरवं चोडण.

सांतानच्या फोनवर नुसत्या राखाडी चौकटी
आणि मधोमध निळा ठिपका, तो स्वतः.
"गे बाय, आमचो गांव खंय गेलो?"
इंजिनाच्या धडधडीतून त्यानं विचारलं.

गाव नव्हता गेला.
मी घरी वापरते ती डीबगची चावी,
तिचा ठसा नकाशावाल्यांकडे नोंदलेला.
प्ले स्टोअरवरच्या ॲपवर सही दुसरीची.
वीस जोड्या, अक्षरं नि आकडे,
मध्ये विसर्गासारखी टिंबं,
त्या नोंदवायच्या राहिल्या.

ती चावी ऑर्विलनं बनवली.
मुदत पंचवीस वर्षं. हसलो होतो आम्ही,
ऑफिसचं तीन महिन्यांचं भाडं थकलेलं.
मग तो स्विंडनला, गोदामात रात्रपाळीला.
फाइल माझ्या पेनड्राइव्हवर.
पासवर्ड त्याच्या डोक्यात.

रात्री दीडला निरोप आला:
"आमच्या खाजनाच्या मानशीचं नाव,
शेवटी पाय घसरला ते वर्ष.
फेरी अजून धक्क्याला दणकन लागते?"
मानशीचं नाव मला कुठं ठाऊक!
सकाळी सांतानलाच विचारलं.
त्यानं नाव सांगितलं, सालही,
आणि कोण बुडता बुडता वाचलं तेही.

दुपारच्या फेरीत
चोडण चौकटी-चौकटीनं भरत आलं.
सांताननं बोटांनी ताणून मोठं केलं.
मानशीमागे, जिथं त्याची भातशेती,
नकाशात नुसतं निळं पाणी.

"ही चावी लागना थंय," म्हणाला,
आणि दोर फेकला.