दोन दारं

चाळीस वर्षं मी विनिपेगमध्ये
बाहेर अडकलेल्यांना आत घेतलं.
उणे तीसमध्ये, पहाटे तीनला:
किल्ली गाडीतच विसरलेली नर्स,
नवऱ्याशी भांडून सपातांवर घराबाहेर पडलेली बाई,
एकदा तर एक घरफोड्या, स्वतःच्याच घराबाहेर.
शिकाऊ पोरांना सांगायचो,
न उघडणारं कुलूप नसतं रे,
उशिरा उघडणारं असतं.

आता निवृत्त आहे, म्हणून सिनेगॉगच्या समितीत आहे.
ब्रायना लेरर यादी वाचते:
खिडक्यांना पारदर्शक पापुद्रा, काच फुटली तरी सांडू नये;
फाटकाशी सिमेंटच्या कुंड्या, ट्रक अडेल एवढ्या जड
(पेटुनिया लावू, म्हणजे कुंड्याच वाटतील);
बालवाडीच्या वर्गाला आतून कडी.
इथं तिचा आवाज जरा खाली येतो.
मी वहीत लिहितो: कडी, पितळी, पाच फुटांवर.
मग खोडतो.
मुलांचा हात पोहोचावा की पोहोचू नये?
यावर पाऊण तास बोललो आम्ही,
चहा निवला तरी कुणी आवाज चढवला नाही.

पुढच्या दाराची मी दोन दारं केली.
पहिलं मिटल्याखेरीज दुसरं उघडत नाही.
मधल्या कपाटाएवढ्या जागेत
येणारा क्षणभर एकटा, कॅमेऱ्यासमोर.
पण इथल्या थंडीत सगळेच डोळ्यांपर्यंत मफलर गुंडाळून येतात,
तोंड बघून ओळखणार कुणाला?
मी चालीवरून ओळखतो.
डावा गुडघा ओढत येतो तो झेल्मन.
बर्फाला शिव्या देत येतात त्या पेस्या आणि तिची बहीण.

फेब्रुवारीत एक आला, चाल अनोळखी,
खांद्याला फुगलेली पिशवी.
नाव विचारलं. पिशवीत काय, विचारलं.
कुणाच्या ओळखीचे, विचारलं.
उत्तरेकडून रात्रभर बसनं आला होता,
आई गेली होती त्याची,
कद्दिश म्हणायला दहा माणसं हवी होती.
पिशवीत तिचा कोट.
चार मिनिटं उभा ठेवला मी त्याला काचेपलीकडे.
तो म्हणाला, असू दे, समजतं मला.
समजतं म्हणाला,
तेच मला अजून गिळता येत नाही.

एप्रिलमध्ये सेडरची रात्र, तळघराच्या दालनात सत्तर पानं.
जेवण आटोपलं की एलीया संदेष्ट्यासाठी दार उघडायचं.
त्याचा पेला भरलेला असतो,
आजवर कुणी त्याला आलेला पाहिलेला नाही.
ब्रायना आधीच म्हणाली होती,
यंदा आतलंच दार उघडा, रीत पाळल्यासारखं होईल.
उघडायला धाडली तिर्झाला, वय वर्षं सहा.
ती आतल्या दाराशी थबकली, बाहेरचं पाहिलं,
मग माझ्याकडे वळून:
"त्याला मधे कोंडणार का आपण?"

माझ्या खिशात एक किल्ली असते.
दोन्ही दारं एकाच वेळी उघडणारी,
आगीच्या वेळेसाठी, मीच घासलेली.
समितीला ठाऊक आहे ती.
ती आज वापरीन, हे मलाही ठाऊक नव्हतं.

थंडी सरळ आत आली, कोट न काढता.
जिन्यावरून खाली उतरली,
मेणबत्त्या आडव्या झाल्या,
कुणाचा तरी रुमाल उडाला.
रस्त्यापलीकडच्या गाडीतून कॉन्स्टेबल दिमायुगा धावत आला,
एक हात कमरेशी.
तिर्झानं त्याला खालपासून वर पाहिलं.
"हा आहे का तो?"
नाही, म्हणालो. पण सूप उरलंय.
तो म्हणाला, ड्यूटीवर आहे.
तरी तिथंच राहिला, पाठ आमच्याकडे करून,
रस्त्याकडे बघत.

खालून ब्रायना माझ्याकडे बघत होती.
मी मनात मोजत होतो.
अकरापर्यंत गेलो.
मग आधी बाहेरचं लावलं, मग आतलं,
आणि सवयीनं
दोनदा ओढून पाहिलं.