चौदा मीटर, तीन मीटर

बेर्गेनला जानेवारीत सकाळी आठला काळोखच असतो.
ओल्या टोप्या झटकत आठची तुकडी येते,
खिसे ट्रेमध्ये रिकामे करते:
लायटर, श्रवणयंत्र, हाताला लावायच्या क्रीमची डबी.
आत ठिणगीला बंदी, तेलालाही.

मी दार लावते.
हँडल दोन्ही हातांनी फिरवायचं, मग काटा उतरू लागतो.
एका तुकडीला चौदा मीटर आणि मुखवट्यातून शुद्ध ऑक्सिजन,
दुसरीला नुसते तीन, आणि साधी हवा.
तीन मीटरलाही कानाला दडे बसतात,
म्हणून आत बसलेल्यांना कळत नाही
आपण कुठल्या समुद्रात आहोत.

मला कळतं.
पाकिटं माझ्या खणात असतात.

ओड्वार आठला येतो, काठी टेकत.
उत्तर समुद्राच्या तळाशी तेवीस वर्षं
त्यानं तेलाचे नळ जोडले.
वर यायची घाई कंपनीला असायची, बुडबुडे याच्या रक्तात.
मांडीच्या हाडाचा गोळा आतून वाळत गेला,
वरून धडधाकट, नारळासारखा.
"दाबानंच नेलं," तो म्हणतो,
"आता दाबच आणून देणार म्हणता?"

राग्ना अकराला. बंदरात क्रेन चालवायची.
जिभेचा कॅन्सर किरणांनी गेला,
पाच वर्षांनी एक दाढ काढली
आणि ते भोक मिटेचना.
जबड्याचं हाड उघडं पडलंय,
ती बोलता बोलता जिभेनं ते चाचपते,
किल्ली खिशात आहे ना, तसं.

दोन चाचण्या, एकच टाकी.
बाकावर दोघांची गाठ पडते,
एक बाहेर येताना, एक आत जाताना.
चाळीस बुड्या तिच्या, साठ याच्या.

डॉक्टर आस्लाउग जुने अहवाल वाचते आणि चिडते.
कुठे नऊ रुग्ण, कुठे सतरा,
तुलनेला कुणीच नाही.
"बरे झाले ते मोजले," ती म्हणते,
"जे परत आलेच नाहीत ते कुणी मोजायचे?"
हातच्या कांकणाला आरसा लागत नाही, खरं आहे.
पण हाड कांकण नव्हे.
ते आत असतं, आणि ज्याचं असतं
त्याला बरं व्हायचं असतं.

मार्चअखेर राग्नाच्या जबड्यावर
गुलाबी कातडी धरली.
तिनं दालचिनीचे बन आणले, गरम, फडक्यात गुंडाळून.
"तुमच्या ऑक्सिजननं वाचवलं," म्हणाली.
मी दोन खाल्ले.
अकराची तुकडी तीन मीटरची होती.

ओड्वारचा गोळा मे महिन्यात खचला,
जिना उतरताना, अगदी शेवटच्या पायरीवर.
त्याला खरे चौदा मिळाले होते, साठच्या साठ.
आता तिथे धातूचा गोळा आहे.

म्हणून काय सिद्ध झालं? काहीच नाही.
एक ती, एक तो, एवढ्यानं होत नाही.
मी स्वतःला हे रोज सांगायचे, कुलूप लावताना.

पाकिटं फुटली तेव्हा दोन्ही चाचण्यांत
ऑक्सिजनचं पारडं जरासं खाली होतं,
जबड्यात किंचित जास्त, मांडीत किंचित कमी,
आणि काटा इतका थरथरत होता
की शून्य त्याच्या थरथरीतच बसत होतं.
आस्लाउगनं 'कदाचित' लिहिलं,
खोडलं, पुन्हा लिहिलं.

नियमाप्रमाणे सगळ्यांना पत्रं गेली.
राग्नाचा फोन आला.
"तीनच मीटर?"
बराच वेळ फक्त बंदरावरचे सीगल ऐकू येत होते.
"मग बरं कशानं झालं?"
मी म्हटलं, माहीत नाही.
पाच महिन्यांत तिच्याशी बोललेलं
पहिलं पूर्ण खरं वाक्य.

ओड्वार स्वतः आला, काठीशिवाय,
पत्राची घडी करून खिशात घातलेली.
मला वाटलं, रागावेल.
"चौदा होते ना? मग ठीक," म्हणाला.
"तेवीस वर्षांत
पहिल्यांदाच कुणीतरी मला सावकाश वर आणलं."

फॉर्मवर मी शोधलं.
त्यासाठी रकाना नव्हता.
बाहेर आठची नवी तुकडी टोप्या झटकत होती.