दोन हाफ

तुमसर डेपोत बपेऱ्याची गाडी लागायला अजून वीस मिनिटं,
आणि बाबा प्राग सांगताहेत.
ऐकणारे तिघं: तुरकर गुरुजी,
पानठेल्यावरचा पोरगा,
आणि मंडईत विकायला फुगे-पिपाण्यांचं पोतं घेऊन निघालेला एक माणूस,
ज्याला आमच्या गावाच्याही पुढं जायचंय.

"तिथंसा गाडीत कंडक्टर नाही राहत जी."
"मंग पैसे कोन घेते?"
"कोनीच नाही."
फुगेवाला पोतं खाली ठेवतो.

बाबांनी बत्तीस वर्षं याच रस्त्यावर घंटीची दोरी ओढली.
त्यांच्या गाडीत मीसुद्धा हाफ तिकीट काढायची;
म्हणजे तेच फाडायचे, तेच पंच करायचे,
आणि पैसे स्वतःच्या वरच्या खिशातून काढून
चामड्याच्या बॅगेत टाकायचे,
सगळ्या गाडीला दिसेल असे.

ते जे सांगत नाहीत, ते असं:
ट्राममध्ये पिवळ्या डब्यात तिकीट सरकवलं,
डबा 'कटक्' बोलला,
आणि बाबांचा उजवा अंगठा आपोआप मिटला.
मी म्हटलं, बाबा, तुमच्या वयाला इथं फुकट असतं.
"झनकलाल रहांगडाले बिनतिकीट बसला
म्हनतील ना लोकं."
कोणते लोक, बाबा?
त्या डब्यात एक कुत्रं होतं, तोंडाला जाळी बांधलेलं,
तेही आपल्या ओळखीचं नव्हतं.

पुलावर दोन्ही बाजूंनी दगडी संत.
"एवढे देव, आन् शेंदूर कोनालेच नाही," ते हळहळले.
मग एका बाकावर बसून
जॅकेटच्या खिशातले मुरमुरे काढले, तुमसरहून आणलेले.
अर्धे आम्ही खाल्ले, अर्धे नदीतल्या हंसांनी.
मी फोटो काढत पुढं निघून गेले,
वळून पाहिलं तर बाबा गर्दीत उभे,
बोटं हलवत
माणसं मोजत होते.
सवारी त्यांची एकच होती, मी,
पण मोजणी अख्ख्या पुलाची चाललेली.

आणि ते जुनं घड्याळ.
ते तर ते सांगतातच, हात वर करून:
तास भरला की खिडक्या उघडतात, मूर्ती फिरून जातात,
बाजूला हाडांचा सांगाडा उभा आहे,
तो दोरी ओढून घंटी देतो.
"मंजे मौत कंडक्टर हाय तिथं," गुरुजी म्हणतात.
पानठेल्यावरचा पोरगा खी खी हसतो.
बाबा नाही हसत.
तिथंही नव्हते हसले. सगळी गर्दी मोबाईल उंचावून उभी होती,
तेव्हा ते डोळे मिटून कान देत होते.
मी विचारलं, काय ऐकता?
म्हणाले, "सिंगल देते का डबल देते,
समजूनच नाही रायलं, बाई."

सिंगल म्हणजे थांब.
डबल म्हणजे चालू दे.
हे मला चालायच्या आधी यायचं.

त्या रात्री हॉटेलात त्यांनी
दोन्ही तिकिटं पाकिटात ठेवली, आईच्या फोटोमागं.
मी झोपल्याचं सोंग घेतलं.

गाडी लागते. कंडक्टर एक पोरगी आहे,
खांद्यावर मशीन, नखांना दिवाळीची मेंदी.
गुरुजी पंच्याहत्तरच्या वर, त्यांना फुकट;
आधार कार्ड काढून ते मिरवून दाखवतात.
मग ती आमच्याकडं वळते.
मला बाई म्हणून अर्धं, बाबांना वय म्हणून अर्धं.
"दोन हाफ," बाबा म्हणतात,
आणि मला कोपरानं ढोसत, "मंजे एक फुल."
पैसे वरच्या खिशातून.

फुगेवाल्याचं पोतं माझ्या गुडघ्यांवर आलंय.
आत एखादी पिपाणी दबून
अधूनमधून कुंईऽ करते.
बाहेर धान कापून झालंय, बांध्यांमध्ये कडपा पसरलेल्या,
आणि खिडकीतून त्यांचा ओलसर वास.
पोरगी मागं बघते, पुढं बघते,
ओठ हलवत सगळ्यांना मोजते,
हात वर करून दोरी ओढते.

बाबांनी डोळे मिटलेत.

डबल.