धडा

पहाटे तीनला आबा उठतात.
बाजार सुटून सहा वर्षं झाली,
वाशीच्या कांदा-बटाट्यातला तो काटा
आता दुसऱ्याच कुणाच्या हाती,
तरी तीन म्हणजे तीन.
आणि आज उठले तर पाय ठेवायला जागा नाही,
घणसोलीच्या दीड खोलीत
मी अठ्ठावीस दिवसांची वाट मांडून बसलेली.

आईचा पाच किलोचा काटा,
ज्यावर ती ऑर्डरच्या चकल्या तोलायची,
त्यावर एकेक वस्तू चढते, उतरते.
हेडलॅम्प छप्पन्न. चमचा नऊ.
टूथब्रश अठरा होता,
हॅक्सॉनं दांडी कापली, अकरा झाला.

“ब्रश कापलास?”
“सात ग्रॅम वाचले.”
आबा काही बोलले नाहीत.
एकतीस वर्षं मापाडी होते.
काट्यावर बोट टेकवलं नाही कधी,
ना व्यापाऱ्यासाठी, ना मेव्हण्यासाठी.
त्यांच्यापुढे सात ग्रॅम म्हणताना
जीभ जरा अडखळलीच.

चहाला उकळी येईपर्यंत
त्यांनी माझी भरलेली सॅक
एका हातानं वीतभर उचलली.
डोळे मिटले.
“चौदा सातशे.”

मी बाथरूमच्या काट्यावर सॅकसकट उभी राहिले,
मग सॅकशिवाय. वजाबाकी केली.
चौदा आठशे.
“बाथरूमचा काटा आहे,” आबा म्हणाले.

“आता बारदान सांग.”
“म्हणजे?”
“रिकामी पिशवी केवढ्याची?”
दोन किलो तीनशे.
आबा हसले. ओली गोण वाळलेली म्हणून कुणी आणली
की हसायचे, तसे.
“आमचं पोतं पाऊण किलोचं, आत पन्नास किलो कांदा.
तुझं पोतंच सव्वादोनच्या वर,
आणि तू ब्रश कापतेस.”

मग मुंब्र्याच्या झीनतनं
पॅराशूटच्या कापडाची पिशवी शिवून दिली,
पट्ट्यांना दुहेरी टीप, चारशे ऐंशी.
तंबू गेला, ताडपत्री आली.
मॅट खांद्यापासून गुडघ्यापर्यंतच ठेवली,
पाय रिकाम्या पिशवीवर झोपतील.
टायटॅनियमचं भांडं चार हजाराचं, एकशे तीस.
आईचं हिंडालियमचं पातेलं एकशे अठरा,
दोन्ही कान तुटले म्हणून हलकं.
दुसरा टी-शर्ट तीनदा आत गेला, तीनदा बाहेर आला.

“नुसतं मोजत सुटू नको, आधी धडा कर,” आबा शिकवायचे,
“रिकामं पातेलं ठेव, काटा शून्यावर आण, मग शेंगदाणे घाल.
नाहीतर भांड्याचे पैसे गिऱ्हाइकाच्या माथी.”
त्यांच्या काळी दुसऱ्या पारड्यात दगड टाकून व्हायचा धडा,
इथं निळं बटण आहे.
ते बटण त्यांना फार आवडलं.

वाट शेवटी जावळीवरून जाते, त्यांच्या गावाच्या डोक्यावरून.
त्याबद्दल ते बोलले नाहीत.
फक्त म्हणाले, “छत्री घे.”
“नोव्हेंबर आहे, आबा.”
“नोव्हेंबरात ऊन नसतं?
सड्यावर झाड नाही. सावली कोण धरणार?”
छत्री चारशे दहा. मी नाही म्हटलं.
दुसऱ्या दिवशी ती सॅकमध्ये होती.
काढली.
पुन्हा होती.
काढून कपाटावर टाकली.

निघायच्या पहाटे तीनला
मला आधी करवतीचा आवाज आला.
ओट्यावर काळा भुगा,
हॅक्सॉ,
आणि मूठ नसलेली छत्री काट्यावर आडवी.
आबांनी माझ्याकडे बघितलं,
निळं बटण दाबलं.
शून्य.

“धडा केलाय,” म्हणाले.
“आता ही नाहीच असं समज.”