काय दिवे लावलेत

माझं काम टेपचं.
भिंगापासून नटीच्या नाकापर्यंत किती सेंटिमीटर,
ते मोजायचं, कडं फिरवायचं, गप्प राहायचं.
तिखोन ग्रुशेत्स्कीच्या हाताखाली अकरा वर्षं.

फिल्मचा नवा डबा आला की
काळ्या पिशवीत हात घालून तो बोटांनीच चाचपायचा,
सुगरण पीठ चाचपते तसा.
'ही दमट आहे. हिच्यात आभाळ राखाडी येईल.
चालेल. आपल्याकडे राखाडीच जास्त आहे.'

युद्धात त्याच्याकडे चावीचा कॅमेरा होता.
चावी भरली की अर्धं मिनिट.
'अर्ध्या मिनिटात माणूस नदी ओलांडतो
किंवा ओलांडत नाही,'
एवढंच एकदा म्हणाला, तेही न पिता.
पुढे कुणी रडायला लागलं की
तो कॅमेरा वळवायचा
किटलीकडे, दारामागच्या कोटाकडे,
वेणीच्या सुटलेल्या पेडाकडे.
दिग्दर्शक हातवारे करत राहायचे.

पांढऱ्या समुद्राकाठी, फेव्रोन्याच्या स्वयंपाकघरात
आम्ही नऊ दिवस बसून होतो.
बाहेर जनरेटर, ट्रकभर दिवे, दिव्यांची तीन पगारी माणसं.
आत एक खिडकी, वीतभर.
बर्फावरून उसळून येणारा उजेड
अकरा ते पावणेबारा यायचा,
मिठाच्या बरणीपर्यंत पोचायचा
आणि न बसताच निघून जायचा.

लेनिनग्राडला समितीनं रिळं पाहिली.
एकानं चष्मा पुसला. पुन्हा पुसला.
'कॉम्रेड, काय दिवे लावलेत हे?'
'एकही नाही,' तिखोन म्हणाला.

चित्रपट कपाटात गेला.
तिखोन दोन वर्षं दुग्धशाळांवरचे माहितीपट करत राहिला.
गाई मात्र सुरेख आल्यात त्यांत.

एक प्रत आम्ही पळवली,
आता सांगायला हरकत नाही.
मच्छीमारांच्या क्लबात, चादरीवर, एकदाच दाखवली.
फेव्रोन्या पुढच्या बाकावर.
गोष्टीकडे तिचं लक्षच नव्हतं.
मिठाची बरणी आली तशी ती उठून उभी राहिली,
चादरीवर तिच्या रुमाल बांधलेल्या डोक्याची सावली:
'माझ्या घरात एवढा उजेड येतो?'

मागून कुणी ओरडलं, बस खाली.
ती बसली नाही.

त्याची वही माझ्याकडे आहे.
तारीख, भिंग, छिद्र, ढग.
त्या रात्रीच्या पानावर आकडे नाहीत.
तिचं वाक्य आहे,
आणि खाली त्याच्या किरट्या अक्षरात:
'येतो. अकरा ते पावणेबारा.'