पावणेसहाची हरसूल

फेरी लागली की मी आधी खिसे चाचपते:
डावीकडं सुट्टे, उजवीकडं पंप.
एकदा गिरणाऱ्याला घाईघाईत
एका म्हाताऱ्याच्या हातावर सुट्ट्यांऐवजी
पंपच ठेवला.
त्यानं उलटसुलट करून पाहिला,
म्हणाला, बाई, हे नाही चालत आमच्याकडं.

परतीला गाडी भरून येते.
टोमॅटोच्या मजुरीला निघालेल्या बाया
पदरात खोकतात,
पोरं थेट माझ्या मशीनवर.
थंडीनं काचा बंद.
मी ओरडते, पुढं सरका, पुढं सरका,
माणसं सरकतात,
खोकला तेवढा मागं माझ्याकडं येतो.

गेल्या पौषात
बुधवारी ताप, शनिवारी सिव्हिलची खाट,
तोंडावर मास्क.
डॉक्टर म्हणाले, साधा फ्लूच,
पण तुमच्या नळ्या मुळात अरुंद.
मला लगेच कळलं.
वाघेऱ्याचा घाट, समोरून ट्रक,
कुणीतरी मागं घ्यायला हवं
आणि मागं जागा नाही.

म्हणून यंदा घट बसायच्या आधी
रजेच्या दिवशी पंचवटी कारंज्यापाशी
बाही वर केली.
गावित सिस्टरनं विचारलं, आज दम लागतोय का?
म्हटलं, नाही, आज गाडी डेपोत आहे.
ती हसली, तेवढ्यात टोचून झालं.

नोकरीला लागले तेव्हाचा
लोखंडी पंच आठवला. टिक.
किती तिकिटांना भोकं पाडली मी,
मला पहिल्यांदाच कुणी पाडलं.
मुदत एक वर्ष,
पुढच्या वर्षी नवं काढायचं.

पुंजाराम ड्रायव्हर म्हणाला,
सुईनं दमा जातो होय?
नाही जात.
ब्रेक लावल्यानं घाट जातो का, पुंजारामभाऊ?
तो काच पुसत राहिला.

दंड दोन दिवस ठणकला,
घंटीची दोरी ओढताना जास्तच.
पंप आहे तिथंच आहे, उजव्या खिशात.

आज देवरगावला एक बाई चढली,
कडेवर तीनचार वर्षांची पोर.
पोरीच्या छातीत बारीक शीळ वाजत होती.
एवढ्या गोंगाटात
ती मला एकटीला ऐकू आली.
माझी जागा दिली. खिडकी इंचभर उघडली.
तिकीट फाडलं, आणि मागच्या कोऱ्या बाजूवर
पेन न उमटणाऱ्या त्या गुळगुळीत कागदावर
गिरवून गिरवून लिहिलं:
पंचवटी कारंजा, दुपारी चारनंतर,
गावित सिस्टर.

ती म्हणाली, वाचता येत नाही, ताई.
मग सगळं तोंडी सांगितलं, दोनदा,
आणि तोवर
डबल बेल द्यायची राहिली.