अहवाल

रविवारी उपासनेनंतर दहा मिनिटं दिलीत मला.
पाळक म्हणाले, आकडे सांगा, फोटो दाखवा.

खानापूर स्टँडवर उतरलो तेव्हा
बुटांना मलावीची माती होती.
आई म्हणाली, ही तर आपलीच, कौलांच्या भट्टीकडची,
आणि बूट नळाखाली धरले.

तिथं तापानं फणफणलो
तेव्हा एनेलेसी नावाच्या म्हातारीनं
माझ्यासाठी प्रार्थना केली. मी तिच्यासाठी नाही.
मग विचारलं, तुझ्या गावात कोण आजारी?
त्याचंही नाव घेते.
कुणी नाही, म्हणालो.

भिंतीपलीकडं शांतवन खोकतोय.
वाटणीपासून पाच वर्षं बोललो नाही.
सख्खा भाऊ.

मलावीला जाताना तीन विमानं बदलली.
त्याच्या दाराला
अंगणातून एक वळसा.

आज शनिवार.
फोटो निवडायचे राहिलेत.